३०४ स्टेनलेस स्टीलच्या वेल्डेड ट्यूबला वर्षभरात तडे?

प्रश्न: मंडळी, हीट एक्स्चेंजरला ३०४ च्या वेल्डेड ट्यूब आहेत, बोअरचं पाणी, साधारण ८० डिग्री, आणि वर्षातच वेल्डशेजारी केसासारखे तडे गेलेत, प्रेशर तर नावालाच, मग ताण आला कुठून?

उत्तर: वेल्डिंगचाच ताण तो. वितळलेला धातू थंड होताना आकसतो, बाजूचा धातू आकसू देत नाही, मग ताण आतच अडकतो, त्यात बोअरच्या पाण्यातलं क्लोराइड (मिठातला क्षार) आणि ६० च्या वर तापमान, झालं काम! मायक्रोस्कोपखाली फांद्यांसारखे फाटे दिसतील बघा.

प्रश्नकर्ता: ६५० ला तापवून ताण काढू का?

दुसरं उत्तर: अजिबात नको हो! त्या तापमानाला क्रोमियम कार्बाइड बनतं, गंज रोखणारं क्रोमियम त्यात अडकतं, म्हणजे नवीनच दुखणं. १०५० च्या आसपास ॲनील करून (तापवून ताण घालवून) झटकन थंड केलेल्या ट्यूब मागवा. पण ट्यूबशीटमध्ये (ट्यूबची टोकं बसतात त्या भोकांच्या प्लेटमध्ये) रोल करताना, म्हणजे टोकं फुगवून घट्ट बसवताना, परत ताण येतोच, मी तर सरळ डुप्लेक्स २२०५ (असे तडे सहजी न जाणारं स्टेनलेस स्टील) घेईन.