तायक्वांदो : पूमसेचं (ठरलेल्या हालचालींच्या क्रमाचं) तंत्र स्पर्धेसाठी कसं सुधारलंत? (अनुभव धागा)

मुलुंडकर

मुंबईत तायक्वांदोच्या क्लासांना तोटा नाही. महापालिकेच्या शाळेचा हॉल, सोसायटीचं क्लब हाऊस, मंडळाची मोकळी जागा, संध्याकाळी कुठेही पांढरे दोबोक (तायक्वांदोचे गणवेश) दिसतात. पण बोलणं चालतं ते क्योरुगीचं, म्हणजे समोरासमोरच्या लढतीचं. साहजिकच आहे, २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून पदकं मिळतात ती फायटिंगलाच. पूमसे म्हणजे बेल्ट एक्झामच्या आठवड्यात घोकायचं आणि पट्टा हातात आला की विसरायचं. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत पूमसे आलं, तेव्हापासून पालक निदान 'ते काय असतं' एवढं तरी विचारतात.

आधी गुणांचा हिशोब सांगतो, म्हणजे पुढचं सगळ्यांना कळेल. वर्ल्ड तायक्वांदोच्या पद्धतीत एकूण १० गुण. ४ अचूकतेचे, ६ सादरीकरणाचे. सादरीकरणात वेग-ताकद, लय आणि ऊर्जा यांना प्रत्येकी २. अचूकतेतून छोट्या चुकीला ०.१ आणि मोठ्या चुकीला ०.३ वजा. पाच किंवा सात पंच, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण बाजूला काढून उरलेल्यांची सरासरी.

हा हिशोब कळला की बहुतेक जण ६ च्या मागे लागतात. किक डोक्यावर न्यायची, किहाप (जोराची आरोळी) हॉलभर घुमवायचा. मला विचाराल तर त्या ६ गुणांचं मूळही पायातच आहे. सोगी, म्हणजे उभं राहण्याची पद्धत, पक्की नसेल तर कंबर फिरत नाही, आणि कंबर फिरली नाही तर ठोसा नुसता हातातून निघतो. लांबून बघणाऱ्यालाही ते कळतं.

तर आपापला अनुभव लिहा. 'रोज सराव करा' हे सांगू नका, ते सगळ्यांना माहीत आहे. नेमकं काय बदललं आणि त्याने काय झालं, ते हवंय.

फरशीवाला, भांडुप

मी स्वतः खेळत नाही, मुलगी खेळते. आमच्याकडे हॉलमध्ये दोन बाय दोनच्या फरशा आहेत. टीपॉय आत आणि सोफा भिंतीला सरकवला की तेगुकची (सुरुवातीच्या आठ पूमसेंपैकी एकाची) निम्मी रेघ मावेल एवढी जागा निघते.

इल जांगमध्ये, म्हणजे पहिल्या तेगुकमध्ये, अप सोगी आणि अप कुबी आलटून पालटून येतात. बाजूला जाताना अप सोगीत अरे माक्की (हाताने खालच्या बाजूचा बचाव) आणि पाऊल टाकून ठोसा, मग समोरच्या दिशेला अप कुबीत अरे माक्की आणि जागेवरूनच दुसऱ्या हाताचा ठोसा. अप सोगी म्हणजे चालताना पडतं तेवढं पाऊल, गुडघे सरळ. अप कुबी त्याहून लांब, पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ. आमच्या लेकीची दोन्ही पावलं सारखीच पडायची, धड छोटी नाहीत आणि धड लांब नाहीत. क्लासमध्ये तीस मुलांत ते कोणाच्या नजरेला येणार?

मग तिच्याच पावलाने मोजलं. टाचेला अंगठा लावत तीन पावलं म्हणजे अप सोगी, चार-साडेचार म्हणजे अप कुबी. फरशीच्या सांध्यापासून मोजून कागदी चिकटपट्टी लावली, अप सोगीला पांढरी आणि अप कुबीला निळी. हात कमरेवर ठेवायचे आणि फक्त पाय चालवायचे. माक्की नाही, ठोसा नाही. तिला भयंकर कंटाळा यायचा. पण पाय आपोआप पडायला लागले तेव्हा वरचे हातही सुधारले, त्यांच्यावर वेगळी मेहनत घ्यावी लागली नाही.

एक सूचना : मुलं वाढतात. शाळेचे बूट नव्या मापाचे आणले की घरी येऊन चिकटपट्टी पुन्हा लावायची.

कोपऱ्यातली खुर्ची

मी जिल्हा पातळीवर पंच म्हणून बसतो. नाव लिहीत नाही, पालक ओळखतील.

फरशीवाले, तुम्ही नेमकी जागा पकडलीत. ०.१ हा आकडा किरकोळ वाटतो, पण आखूड अप कुबी एका पूमसेत अनेकदा येते आणि दर वेळी कापावं लागतं. ४ चे ३ कधी झाले ते खेळाडूला कळतही नाही. तो बाहेर येऊन सांगतो, 'सर, एकही स्टेप विसरलो नाही.' खरं असतं त्याचं. त्याने स्टेप विसरलेली नसते, फक्त पूर्ण केलेली नसते.

खुर्चीतून सगळ्यात आधी काय दिसतं, तर हात आणि पाय एकत्र संपतात की नाही. पाय टेकला आणि माक्की अर्ध्या क्षणाने मागून आली की ताकद गेलीच. दुसरं, मागे ओढायचा हात. पुढच्या मुठीवर सगळ्यांचं लक्ष असतं, कमरेवर यायची मूठ मात्र बरगडीपाशी लोंबत राहते. तिसरं, माक्कीची सुरुवात. अरे माक्की विरुद्ध बाजूच्या खांद्यापासून निघायला हवी. घाईत ती छातीपासूनच निघते आणि खाली नुसता झटका दिसतो. ओल्गुल माक्की (चेहऱ्याचा बचाव) कपाळापासून एक मूठ अंतरावर थांबायला हवी, निम्म्या मुलांची डोक्याला टेकलेली असते.

आणि नजर! वळायच्या आधी मान वळली पाहिजे. मुलं आमच्याकडे बघत वळतात. आमच्या चेहऱ्यावर काही लिहिलेलं नसतं हो.

चेंबूरचे सर

आमचा हॉल पत्र्याचा. जुलैत पाऊस सुरू झाला की माझा आवाज दुसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. मी आयुष्यभर 'हाना, दुल, सेत, नेत' (कोरियन एक, दोन, तीन, चार) करत शिकवत आलो. एका पावसाळ्यात घसा बसला, तेव्हा वैतागून म्हटलं, फक्त 'शिजाक' (सुरू करा) म्हणतो, पुढचं तुमचं तुम्ही करा.

पहिले काही दिवस नुसता गोंधळ. नंतर लक्षात आलं की मोजणीवर शिकलेली मुलं प्रत्येक हालचालीला सारखाच वेळ देतात, कारण माझे आकडे सारख्या अंतराने येतात. पूमसे तसं नसतंच. अप चागी (समोरची किक) मारून पाय खाली आला की ठोसा त्याला लागूनच जायला हवा, दोन्ही एका दमात. पण वळून केलेली माक्की पूर्ण बसू द्यायची, क्षणभर तिथे राहायचं आणि मग पुढे. माझ्या मोजणीने हा फरकच पुसून टाकला होता. मुलांची लय बिघडवणारा आवाज माझाच होता म्हणा ना.

आता पाठांतर होईपर्यंत मोजतो, नंतर तोंड बंद. मुलांना सांगतो, श्वास ऐकू येऊ दे. एका कोपऱ्यात दोघांना पाठीला पाठ लावून उभं करतो आणि दोघांना तेच पूमसे करायला लावतो. एकमेकांचं दिसत नाही, फक्त दोबोकचा फटकारा ऐकू येतो. कोण घाई करतंय ते मला सांगावं लागत नाही.

आरसा आमच्याकडे नाही. मोबाइल आहे. शूटिंग समोरून करू नका, समोरून सगळेच बरे दिसतात. तिरपं आणि मागून करा, मागच्या पायाची टाच उचललेली तिथेच सापडते.

गुलमोहर

सर, थोडी असहमती. माझ्याकडे सहा-सात वर्षांची मुलं आहेत. मोजणी काढली की ती सुसाट सुटतात. निदान हिरव्या पट्ट्यापर्यंत तरी मोजावंच लागतं.

चेंबूरचे सर

@गुलमोहर, मान्य. माझी मुलं दहाच्या पुढची आहेत.

दादरची आई

मुलाला क्लासला सोडून बाहेर बाकड्यावर मोबाइल बघत बसायची. एक दिवस मॅडम म्हणाल्या, 'ताई, तिथे बसण्यापेक्षा आत या.' आता मुलाने क्लास सोडला, मी चालूच आहे. वर्ल्ड तायक्वांदोच्या नियमांत ४१ ते ५० असा वेगळा वयोगट असतो हे कळलं तेव्हा हुरूपच आला. मी अजून निळ्या पट्ट्यावर आहे, त्यामुळे स्थानिक स्पर्धाच खेळते.

माझं दुखणं सा जांग, म्हणजे चौथं तेगुक. त्यात दोन योप चागी (बाजूच्या किका) एकामागून एक येतात, आधी एका पायाने, तो पुढे टेकला की लगेच दुसऱ्याने. पोरींच्या किका तोंडाच्या उंचीवर जातात, माझी कमरेवर. वर न्यायला गेले की अंग मागे कलायचं, टेकणारा पाय कुठेतरी भलतीकडेच पडायचा आणि पुढची द्वित कुबी (मागच्या पायावर जास्त वजन असलेली सोगी) वाकडी व्हायची. एका किकेच्या नादात पुढच्या तीन हालचाली जायच्या.

मॅडमनी उंचीचा नादच सोडायला लावला. स्वयंपाकघरात ओट्याला एक हात धरायचा, गुडघा वर घ्यायचा, टाच पुढे काढत पाय हळूहळू सरळ करायचा, थांबायचं, आणि मग महत्त्वाचं म्हणजे तसाच गुडघ्यातून मिटून परत आणायचा. पाय पडू द्यायचा नाही, ठेवायचा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक बाजू, मग दुसरी. टेकलेल्या पायाची टाच किकेच्या दिशेला वळली नाही तर कंबर अडकते आणि गुडघ्यावर ताण येतो, हेही तिथेच कळलं. हळू केल्याशिवाय ते कळतच नाही.

किक अजून कमरेच्या जेमतेम वर जाते. पण आता तिथे थांबते, आणि द्वित कुबी सरळ पडते. गुणही वाढले. सासूबाई अजून विचारतात, ओट्याशी उभी राहून हे काय चालतं.

बेलापूर स्लो

रोज उभ्याने सीएसएमटी गाठणाऱ्याला बोम सोगी वेगळी शिकवावी लागत नाही. वजन सगळं मागच्या पायावर, पुढचा नुसता टेकवलेला, कारण त्याखाली कोणाची तरी बॅग असते.

तुलवाला, विक्रोळी

इथे सगळे पूमसेवाले दिसतात. मी आयटीएफचा (इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन, वर्ल्ड तायक्वांदोहून वेगळी संघटना). आमच्यात पूमसेच्या जागी २४ तुल. अप कुबीऐवजी वॉकिंग स्टान्स, आणि साइन वेव्ह म्हणजे प्रत्येक हालचालीत गुडघ्यातून खाली-वर-खाली. तुमच्या पंचांना ते डुलणं वाटेल, आमच्याकडे ते नसेल तर गुण जातात. त्यामुळे दोन्हीकडचे व्हिडिओ बघून सराव करणाऱ्यांनी जरा जपून.

आमची अडचण वेगळी. दोन स्पर्धक शेजारी शेजारी उभे राहून एकाच वेळी तुल करतात. एक आपल्या पसंतीचा, एक पंच सांगतील तो. शेजारचा वेगाने गेला की डोळ्याच्या कोपऱ्यातून तो दिसतो आणि आपले पाय नकळत त्याच्या मागे जातात. मी चोन-जीपर्यंत खाली उतरून सराव केला. १९ हालचालींचा, पहिलाच तुल, झोपेतही येतो. शेजारी धाकट्या भावाला उभं केलं आणि सांगितलं, तू तुझ्या मर्जीने कर, मध्येच पळ, मध्येच थांब. त्याला भलताच आनंद झाला. माझी साइन वेव्ह त्याच्या गडबडीत टिकली तेव्हाच पुढचा तुल करायला घेतला.

आणखी एक. आमचा तुल जिथे सुरू होतो तिथेच संपला पाहिजे. पावलं एकसारखी आहेत की नाहीत हे त्याहून सोप्या रीतीने कळत नाही. गच्चीवर खडूने फुली मारायची, डोळे मिटून तुल करायचा आणि शेवटी खाली बघायचं. (गच्चीला कठडा आहे ना, ते आधी बघा.)

ज्युनिअर, सतरा

मी ज्युनिअर गटात खेळते. आमच्यासाठी तेगुक ४ ते ८, कोर्यो, कुमगांग आणि तेबेक या पूमसेंमधून ड्रॉ निघतो. म्हणजे आवडतं एकच घासून चालत नाही. मी कोर्योत रमायचे आणि ड्रॉमध्ये नेमकं कुमगांग यायचं.

कुमगांगमध्ये हाकदारी सोगी आहे. एका पायावर उभं राहून दुसरा पाय गुडघ्याशी घ्यायचा, एक हात वर, एक खाली. घरी फरशीवर मी आरामात उभी राहायचे. स्पर्धेत मॅट मऊ, पाऊल रुततं आणि घोटा डगडगायला लागतो. आमच्या क्लासमध्ये मॅट आहेत, पण पावसाळ्यात ओल्या होतात म्हणून गुंडाळून ठेवतात, तेव्हा सगळा सराव लादीवरच. शेवटी घरची गोधडी चार घड्या करून त्यावर उभी राहायला लागले. आधी नुसती, मग हात लावून, मग डोकं वळवून. डोकं वळवल्यावरच तोल जातो हे गोधडीमुळे सापडलं. आता वळायच्या आधी समोर एक ठरावीक जागा बघून घेते.

सरांना सांगून सरावातही चिठ्ठ्या टाकतो. जे निघेल ते, लगेच, वॉर्म-अप नाही. पहिल्यांदा वाईट होतं, पण स्पर्धेतही पहिलंच करायचं असतं ना!

मुलुंडकर

ज्युनिअर, चिठ्ठ्यांची कल्पना मी पळवतोय. स्पर्धेच्या दिवसाबद्दल कोणी लिहाल का? माझ्याकडची मुलं वॉर्म-अपमध्येच दमतात.

कोपऱ्यातली खुर्ची

लिहितो. वॉर्म-अपच्या जागेत रेटारेटी असते. तिथे पूर्ण पूमसे करायला जाऊ नका, दुसऱ्याची किक लागेल. सोगी बदलण्याच्या दोन-तीन जागा आणि वळणं करा, बास. आदल्या दिवशी नवीन काही शिकवू नका, हे सरांनाही सांगतोय.

मॅटवर उतरलात की दहा बाय दहा मीटरचा चौकोन मोठा वाटतो आणि मुलं पावलं लांबवतात. मॅटचे तुकडे बहुधा एक मीटरचे असतात, सांधा बघून सुरुवातीची जागा मनात धरा, पण पूमसे चालू असताना खाली बघू नका. पूमसे ३० ते ९० सेकंदांत संपवायचं असतं. पुरेसा वेळ आहे, तरी मुलं मागे कोणी लागल्यासारखी धावतात. जुनबीत (तयारीच्या स्थितीत) उभं राहिल्यावर एक पूर्ण श्वास सोडा, मग सुरू करा.

दोन पूमसे असतील तर मध्ये ३० ते ६० सेकंद मिळतात. त्या वेळात बरीच मुलं पट्टा सोडून परत बांधायला घेतात, हात थरथरत असतात, गाठ बसत नाही आणि नाव पुकारलं जातं. पट्टा आधीच घट्ट बांधा. मध्ये फक्त दोबोकची बाही खाली ओढा, श्वास खाली आणा आणि दुसऱ्या पूमसेची पहिली तीन पावलं मनात चालून घ्या.