मदत हवी आहे: अगाथा ख्रिस्तींच्या १९५० च्या पुस्तकावरचं जॅकेट मूळचंच आहे का?

नमस्कार मंडळी,

इंदूरचं रामबागेतलं घर रिकामं करतोय. आजोबांच्या ट्रंकेत इंग्रजी रहस्यकथा निघाल्या. बहुतेक पेंग्विनच्या हिरव्या, वाचून वाचून खिळखिळ्या झालेल्या. त्यांच्यात एकच पुठ्ठा-बांधणीचं पुस्तक: अगाथा ख्रिस्तींचं 'अ मर्डर इज अनाउन्स्ड', लंडनच्या कॉलिन्सचं, लाल कापडाचं. आजोबा खजुरी बाजारात तासन्‌तास जुनी पुस्तकं चाळायचे, हेही तिथलंच असावं. शीर्षकपानामागे १९५० साल आहे, पुनर्मुद्रणाचा उल्लेख नाही. म्हणून पुस्तक पहिल्या छपाईचं आहे असं मी धरून चाललोय.

अडलंय ते जॅकेटपाशी, म्हणजे पुठ्ठ्यावरच्या सुट्या छापील कागदी वेष्टनापाशी. पहिल्या आवृत्तीची किंमत साडेआठ शिलिंग होती. माझ्या प्रतीच्या आतल्या घडीचा किमतीचा कोपराच कुणीतरी कात्रीने तिरपा कापलाय. भेट देताना किंमत दिसू नये म्हणून तसं करायचे, हे ठीक. पण बुक क्लबच्या (सभासदांसाठी काढलेल्या स्वस्त आवृत्तीच्या) किंवा नंतरच्या छपाईचं जॅकेट या प्रतीवर चढवलं असेल तर? मागच्या बाजूच्या जाहिरातीत १९५१ चं 'दे केम टु बगदाद' असतं, तर जॅकेट नंतरचं हे उघडच होतं. ते नाही, पण तेवढ्यावर खात्री कशी धरायची? आणखी काय तपासू? जुन्या पुस्तकांच्या बाजारात निम्म्याहून जास्त मोल जॅकेटचंच असतं, म्हणून एवढं विचारतोय. विकायचं मात्र नाही.

दुसरी अडचण जास्त काळजीची. जॅकेटच्या पाठीला आतून सेलोटेप आहे, पिवळी पडलेली, डिंक कागदात मुरलेला. एका पेंग्विनवरची तशीच पट्टी हेअर ड्रायरने सैल करून ओढली, तर वरची छपाईच सोलून आली. आता याला हात लावायचं धाडस होत नाही. एका बाइंडरने लॅमिनेशन सुचवलं, ते मी नाकारलं. पारदर्शक पॉलिएस्टरचं सुटं वेष्टन घालणार आहे.

एकाने कोऱ्या पानावरची पेन्सिल खोडायला सांगितली. त्यावर आजोबांनी वाचून संपवल्याची तारीख आहे, ती तशीच राहील.

इंदूर, उज्जैन किंवा भोपाळमध्ये जुन्या कागदाची दुरुस्ती करणारं कोणी माहीत आहे का? महिनाअखेर घराचा ताबा द्यायचाय, आणि पावसाळ्यात ट्रंक ठेवायला नव्या फ्लॅटमध्ये कोरडी जागाही शोधायचीय.