राउटर घेण्याआधी : सोसायटी ग्रुप, पाथर्डी फाटा, नाशिक

ए-२०४ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. कॉमन इंटरनेटच्या राउटरसाठी ७ हजारांपर्यंत मंजुरी मिळाली आहे. एम. जी. रोडवरच्या दुकानदाराने चार अँटेनांचा वाय-फाय ६ राउटर सुचवलाय. घेऊन टाकू?

बी-३०२: काका, थोडं थांबा. आपली अडचण रेंजची नाहीच. मीटररूममधल्या नेटवर्क स्विचवर (सगळ्या वायरी जिथे येतात तो डबा) तीन व्हीलॅन, म्हणजे एकमेकांपासून वेगळी नेटवर्क, आधीच केलेले आहेत: नंबर १० ऑफिस, २० कॅमेरे, ३० हॉल. पण आत्ताच्या राउटरला ते कळत नाहीत, त्यामुळे नेट फक्त १० ला मिळतं. हॉलमध्ये कार्यक्रम असला की आपण हॉलची वायर काढून ऑफिसच्या पोर्टमध्ये खोचतो.

सी-१०१: मग बिघडलं काय? पाहुण्यांना नेट मिळतं ना.

बी-३०२: ताई, गेल्या महिन्यातल्या साखरपुड्यात एका पाहुण्याने फोटो प्रिंटला टाकला आणि तो ऑफिसच्या प्रिंटरमधून निघाला. तो कागद मी स्वतः उचललाय. त्याच नेटवर्कवर मेन्टेनन्सच्या हिशेबाचा कॉम्प्युटर आहे, सगळ्यांचे फोन नंबर त्यात आहेत. मला खरंच काळजी वाटते.

ए-२०४: मग दुकानदाराचा राउटर चालणार नाही?

बी-३०२: अशा घरगुती राउटरच्या सेटिंगमध्ये व्हीलॅन हा शब्द दिसतो, पण बहुतेकदा तो इंटरनेट कंपनीच्या आयपीटीव्हीसाठी (नेटवरून येणाऱ्या टीव्हीसाठी) असतो. तिथेच लोक फसतात. आपल्याला लॅनच्या, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या, बाजूला ८०२.१क्यू (व्हीलॅनचे नंबर लावण्या-वाचण्याची पद्धत) हवं. मग स्विचपासून राउटरपर्यंत एकच वायर पुरते. तिच्यातून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पॅकेटवर व्हीलॅनचा नंबर असतो. तो वाचून राउटर तिघांना वेगवेगळे आयपी पत्ते देतो आणि एकाच कनेक्शनवरून बाहेर पाठवतो. आपली लाइन १०० एमबीपीएसची, वायर गिगाबिटची, म्हणजे दहापट. काही अडत नाही.

डी-४०३: अंबडला आमच्या कंपनीत मायक्रोटिकचा हेक्स राउटर आहे. पाच गिगाबिट पोर्ट, दणकट. तोच घ्या.

बी-३०२: दादा, मशीन उत्तमच आहे. पण कमिटी बदलली की त्यातली राउटर-ओएस ही किचकट सिस्टीम कोण सांभाळणार? टीपी-लिंकचा ईआर६०५ घ्यावा असं माझं मत आहे. त्यालाही पाच गिगाबिट पोर्ट आहेत, सेटिंगचं पान सोपं आहे आणि पुढे दुसरं कनेक्शन घेतलं तर तेही जोडता येतं. दोन्हींत वाय-फाय नाही, त्याची गरजही नाही. हॉलमधला ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारा डबा) आहे तोच राहील.

डी-४०३: मान्य. पण एसीएल, म्हणजे कोणाला कुठे जाऊ द्यायचं याचे नियम, विसरू नका.

बी-३०२: अगदी बरोबर. नुसते व्हीलॅन केले म्हणजे आड भिंत उभी राहिली असं नाही. राउटरला तिन्ही नेटवर्क माहीत असतात, त्यामुळे अडवलं नाही तर तो एकाकडून दुसऱ्याकडे वाट करून देतो. हॉलमधून फक्त बाहेरचं नेट. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर फक्त ऑफिसमधून दिसेल. हे नियम मी लावून देईन आणि सेटिंगचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन काकांच्या कपाटात ठेवेन.

ए-२०४: ठीक. ईआर६०५ चं कोटेशन मागवतो. जीएसटीसकट ७ हजारांच्या वर जाऊ नये एवढं बघू.

सी-१०१: शुक्रवारी हॉलमध्ये डोहाळजेवण आहे हो. तोपर्यंत काय?

बी-३०२: ताई, गुरुवारी रात्री मी प्रिंटर आणि ऑफिसचा कॉम्प्युटर दोन्ही बंद करून त्यांच्या वायरी काढून ठेवतो. हॉलची वायर मात्र कुणी परस्पर हलवू नका, मीच लावीन.