सांगलीत राहून रेडिओवर राजकारणावर बोलता येईल का?

प्रश्न (मिरजेहून): राज्यशास्त्रात एम.ए. केलंय. अमेरिकेत रश लिंबॉ १९८८ पासून २०२१ मध्ये जाईपर्यंत देशभर रेडिओवर राजकारण बोलत राहिले, तीन-तीन तास, श्रोत्यांचे फोन घेत. मलाही हेच करायचंय. आपल्याकडे वाव आहे का?

उत्तर: ताई, तिकडे दोन्ही बाजू मांडायचा नियम १९८७ ला रद्द झाला, मग वाट मोकळी झाली. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावाव्या लागतात. पण आवाज घडवायला सांगली आकाशवाणीसारखी शाळा नाही. मी तिथं नैमित्तिक उद्घोषक होतो. पहिल्याच दिवशी पान उलटल्याची सळसळ थेट प्रक्षेपणात गेली. तेव्हापासून टाचणी काढून सुटी पानं हलकेच बाजूला सरकवतो, आजही, घरी वाचतानासुद्धा. उद्घोषकांसाठी आवाजाची चाचणी निघाली की नक्की द्या.

उत्तर: म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनी या सामुदायिक रेडिओ केंद्रावर जाऊन बघा. राजकारण नाही, पण माणसं कशी बोलती करायची ते कळेल. मतं यूट्यूबवर मांडा, फक्त ऊसदरावर बोलण्याआधी एफआरपीचं, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान ऊसदराचं, गणित पक्कं करा. इथला श्रोता तिथंच पकडतो.

प्रश्नकर्ती: दादा, चाचणीत काय वाचायला देतात?