‘नटक्रॅकर’चा पहिला अंक

नाताळच्या रात्रीची गोष्ट सांगणाऱ्या ‘नटक्रॅकर’ या बॅलेच्या पहिल्या अंकात नृत्य नावापुरते असून सगळा वेळ मुलांच्या धावपळीत जातो, असा आक्षेप घेतला जातो; तो न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या प्रयोगाबाबत मला अर्धाच पटतो. नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलनशीन यांनी १९५४ साली बसवलेल्या या प्रयोगात गोष्टीची नायिका असलेली लहान मुलगी मारी आणि राजपुत्र या भूमिका प्रौढ नर्तकांकडे न देता स्कूल ऑफ अमेरिकन बॅलेच्या विद्यार्थ्यांकडे दिल्या आहेत. स्वतः बॅलनशीन विद्यार्थिदशेत रशियातील मारिन्स्की रंगमंचावर याच बॅलेत राजपुत्र झाले होते, हे लक्षात घेतले की मुलांना दिलेला एवढा अवकाश ही तडजोड वाटत नाही.

शिवाय खरी करामत झाडाची आहे. चायकोव्हस्कीचे संगीत पायरीपायरीने चढत असताना १२ फुटांचे नाताळाचे झाड ४१ फुटांपर्यंत वाढत जाते, आणि खाली रात्रीच्या झग्यात उभी असलेली मारी पाहता पाहता उंदराएवढी होते. त्या दोन-तीन मिनिटांत कोणी नाचत नाही, तरीही नजर हलत नाही. पुढे अंकाच्या शेवटी कागदी हिमवर्षावात हिमकण झालेल्या १६ नर्तकींचे नृत्य येते, तेव्हा नृत्याची तक्रार तशीही उरत नाही. (कागदाच्या त्या निसरड्या थरावर चवड्यांवर उभे राहायचे, ही कल्पनाच माझ्या पोटात गोळा आणते.)

कथा विरळ होते ती दुसऱ्या अंकात. मिठाईच्या राज्यात पोहोचल्यावर मारीला सिंहासनावर बसून पाहत राहण्यापलीकडे फारसे काम नसते.