रामकुंडावरील ३६० अंशी चित्रणात ‘तिथे असल्याचा’ भास का होत नाही?

प्रश्न
नमस्कार. वडिलांना आता गुडघ्यांमुळे गंगेवर (म्हणजे नाशिकच्या गोदावरीवर) जाणे जमत नाही, म्हणून तिथल्या रामकुंडावरची एक पहाट त्यांना डोळ्यांवर लावायच्या व्हीआर हेडसेटवर अनुभवता यावी या हेतूने मी दहा मिनिटांचे ३६० अंशी चित्रण केले. ५.७के कॅमेरा पाच फुटी स्टँडवर ठेवला होता, आवाज त्याच्याच मायक्रोफोनचा आहे आणि संकलनात मागे बासरी जोडली आहे. वडिलांनी दोन मिनिटांत हेडसेट काढला आणि “चित्र छान आहे, पण मी घरातच बसलोय,” असे सांगितले. ८के कॅमेरा घेतल्यास हा दोष जाईल का?

उत्तर १
माझ्या मते जाणार नाही. ५.७के म्हणजे सुमारे ५,७६० पिक्सेल, तेही पूर्ण ३६० अंशांत पसरलेले, म्हणजे अंशाला १६. ८के घेतल्यास ते २१ होतील, आणि निरोगी डोळा तर साधारण ६०पर्यंतचा तपशील टिपतो. खरा दोष आवाजात असावा. साध्या दोन वाहिन्यांचा आवाज हेडफोनमध्ये डोक्याबरोबरच फिरतो. कुंडाजवळच्या कपालेश्वर मंदिराच्या घंटेचा आवाज उजवीकडून येत असेल आणि वडिलांनी उजवीकडे मान वळवली, तर तो समोरून यायला हवा, पण तो उजव्या कानालाच चिकटून राहतो. बाजूने आलेला ध्वनी दूरच्या कानाला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि एवढ्या फरकावरून मेंदू दिशा ठरवत असल्याने डोळा व कान यांची फारकत त्याला लगेच कळते. चार कॅप्सूलचा (ध्वनी टिपणाऱ्या चार भागांचा) अँबिसॉनिक, म्हणजे सर्व दिशांचा आवाज दिशेसह नोंदवणारा मायक्रोफोन भाड्याने घ्या, त्याच्यावर केसाळ वारारोधक आवरण चढवा आणि मान वळेल तसा आवाज फिरवणारा प्लेअर वापरा. बासरी मात्र काढाच. पहाटेच्या घाटाला पार्श्वसंगीत नसते.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे, पण उंचीकडेही पाहावे. वडील खुर्चीत बसून पाहणार आणि कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांशी, त्यामुळे अधांतरी असल्यासारखे वाटते. पावणेचार ते चार फूट पुरे. अशा साध्या कॅमेऱ्यात दोन्ही डोळ्यांना एकच चित्र मिळते, त्यामुळे हातभर अंतरावरचा माणूसही सपाट दिसतो, शिवाय दोन भिंगांच्या सांध्यावर त्याचा खांदा तुटतो. स्नान करणारे किमान दोन मीटर दूर राहतील अशी पायरी निवडावी. त्यांची परवानगी घेणे हा सौजन्याचा भाग झालाच.

उत्तर ३
एक मर्यादा लक्षात घ्यावी. आवाज वरून येतो की खालून, हे आपल्याला मुख्यतः कानाच्या पाळीमुळे उच्च वारंवारतांत होणाऱ्या बदलांवरून कळते, आणि वयानुसार आधी त्याच वारंवारता ऐकू येईनाशा होतात. त्यामुळे पायऱ्यांवरून खाली येणारी कपालेश्वराची घंटा वडिलांना ‘वरून’ जाणवेलच असे नाही. डावे-उजवे मात्र बरेच टिकते. तेव्हा घंटेपेक्षा पाण्याच्या आणि पावलांच्या दिशेवर भर द्यावा.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. ८केचा विचार सोडला आहे. बासरी काढून जुनेच चित्रण पुन्हा दाखवले, तेव्हा वडील पाच मिनिटे बसले. रविवारी भाड्याच्या मायक्रोफोनने पुन्हा ध्वनिमुद्रण करणार आहे, पण कबुतरांचा फडफडाट फार येतो. तो संकलनात काढावा का?

उत्तर १
अजिबात काढू नका. कबुतरे नसलेले रामकुंड वडिलांनी कधी पाहिले आहे का?