सहा माणसं, एक टीव्ही: कुठलं ओटीटी ठेवू, कुठलं काढू?

मिरजेची_सून

नमस्कार मंडळी. मी पतसंस्थेत लेखापाल आहे. दिवसभर लोकांचे हप्ते मोजते, पण घरातल्या या हप्त्यांचा ताळमेळ काही लागत नाही. सध्या चालू आहे ते असं: नेटफ्लिक्सचा महिना ४९९ चा प्लॅन, अमेझॉन प्राइम वर्षाचं १४९९, झी५, जिओहॉटस्टार, आणि या सगळ्यावर केबलचे ३५०. त्यात मुलाला क्रंचीरोल (जपानी ॲनिमेशनचं ॲप) हवंय आणि ह्यांना सोनी लिव्ह.

कोण काय बघतं ते सांगते, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल.

संध्याकाळी सातला देवापाशी दिवा लागला की टीव्ही लागतो, तो साडेनऊपर्यंत सासूबाईंचा. झी मराठी आणि स्टार प्रवाह. एकीकडे जाहिरात लागली की दुसरीकडे जातात, आणि तरी दोन्हीकडचं कथानक तोंडपाठ. सासऱ्यांना मॅच, नाहीतर बातम्या. हे रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून कोरियन नाहीतर इंग्रजी खूनखराबा बघतात. चिरंजीव अकरावीला, सगळं फोनवर. धाकटी दुसरीत, तिला कार्टून. मी रविवारी दुपारी एखादा मराठी सिनेमा लावते, तोही बहुतेकदा निम्माच होतो.

शिवाय नणंद पुण्याला. आमचाच पासवर्ड तिच्याकडे. हल्ली तिच्या टीव्हीवर "हा टीव्ही या घरातला नाही" अशा अर्थाचं काहीतरी येतं आणि ती मला फोन करते, जणू मीच आतून कडी लावलीय.

केबल धरून महिन्याला आठशेच्या आत बसवायचंय. काय काढू?

घाटावरचा_बंड्या

ताई, टेलिग्राम. सगळं फुकट. विषय संपला.

मिरजेची_सून

बंड्याभाऊ, त्या फायलींसोबत जे काय येतं ते अकरावीतल्या पोराच्या फोनमध्ये नकोय मला. शिवाय सासूबाईंना रोज सात वाजता फाइल कोण उतरवून देणार, तुम्ही येताय का?

केबलवाला_जयसिंगपूर

ताई, मी धंद्याने केबल ऑपरेटर, तेव्हा माझं म्हणणं जरा पारखूनच घ्या. पण लोकांच्या घरात जाऊन टीव्ही लावून देतो, त्यामुळे कोण खरंच काय बघतं ते मला दिसतं.

ॲपची नावं धरून विचार करू नका, वाहिनी धरून करा. झी मराठीचं सगळं झी५ वर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी, दोन्ही आता जिओहॉटस्टारवर. आधी ती दोन वेगळी ॲप होती, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र झाले. सोनी मराठी सोनी लिव्हवर. सन मराठी सन नेक्स्टवर. म्हणजे मराठी मालिकांचा नाद पुरा करायला चार ॲप लागतात, आणि केबलच्या एका वायरीतून या सगळ्या वाहिन्या येतात. आजी रोज ठरलेल्या वेळेला बसून बघत असतील तर त्यांच्यासाठी ॲपचे पैसे भरणं म्हणजे तीच मालिका दोनदा विकत घेणं.

आता ३५० चं. तुमच्या केबलवाल्याने तुम्हाला मोठा पॅक टाकलेला दिसतोय. १ फेब्रुवारी २०१९ पासून पे चॅनल, म्हणजे पैसे भरून मिळणारे, सुटे घ्यायचा हक्क ग्राहकाला आहे. तेव्हा मूळ जोडणीचे जास्तीत जास्त १३० आणि त्यावर जीएसटी, मिळून १५३ रुपये ४० पैसे, अशी मर्यादा होती. २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ती मर्यादा काढली, त्यामुळे हल्ली ऑपरेटरप्रमाणे फरक पडतो. पण सुटे घेण्याचा हक्क तसाच आहे. पॅकमधले हिंदी सिनेमाचे आणि इंग्रजीचे चॅनल शेवटचे कधी लावले आठवतंय का? नाही ना? काढा.

मॅचसाठी मात्र हिशेब उलटा. स्पोर्ट्सचे चॅनल केबलवर महाग पडतात आणि सासरे वर्षभर थोडीच बघतात. आयपीएल जिओहॉटस्टारवर असतंच.

बाणेरचा_आयटीवाला

केबलवाले केबल ठेवा म्हणणारच, त्यात काय नवल 😀 आम्ही केबल कधीच तोडली. घरी वायफाय आहे, सगळ्या मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर फुकट थेट दिसतात. दूरदर्शन सह्याद्री प्रसार भारतीच्या वेव्हज् ॲपवर आहे. ते ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं, त्यातलं बरंच काही फुकट आहे आणि जुन्या दूरदर्शन मालिकाही आहेत. सासऱ्यांच्या बातम्या तिथेच भागतील. आणि आजींना झी५ लावून दिलं की पैसे भरणाऱ्यांना मालिकेचा भाग टीव्हीच्या आधी बघता येतो. भिशीत भाव वाढेल त्यांचा.

नणंदेचं: नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतात एक खातं एकाच घरापुरतं केलं. घर म्हणजे ज्या वायफायवर तुमचा टीव्ही चालतो ते. बाहेरच्या माणसाला जादा पैसे भरून जोडून घ्यायची सोय काही देशांत दिली, आपल्याकडे तेव्हा दिली नाही. तिचं प्रोफाइल तिच्या स्वतःच्या नव्या खात्यात हलवता येतं, म्हणजे कुठपर्यंत बघितलं ते जात नाही. तेवढं करून द्या आणि मोकळ्या व्हा.

४९९ चा प्लॅन कशाला पण? त्यात दोन स्क्रीन एका वेळी. तुमच्याकडे ते बघणारं एकच माणूस आहे, तेही रात्री अकरानंतर. १९९ चा बेसिक घ्या. एकच स्क्रीन आणि चित्र ७२० पी, म्हणजे जरा कमी स्पष्ट, पण टीव्हीवर चालतो. १४९ च्या नादी लागू नका, तो फक्त फोन-टॅबलेटवर चालतो.

मिरजेची_सून

दोघांचंही पटतंय आणि दोघांशीही भांडावंसं वाटतंय.

आयटीवाले दादा, आजींना ॲप लावून दिलं होतं. आधी "कोण बघतंय" म्हणून सहा चेहरे येतात. त्यातला आपला कुठला हे कळेपर्यंत त्यांचे हात थरथरायला लागतात, नातीच्या चेहऱ्यावर बोट पडतं आणि कार्टून सुरू होतं. तेही शिकल्या असत्या. पण खरी अडचण वेगळी. त्यांच्या सगळ्या भाकऱ्या जाहिरातींत होतात. जाहिरात लागली की उठायचं, तव्यावरची परतायची, दुसरी थापायची, परत येऊन बसायचं. ॲपवर मधे थांबायलाच नाही. रिमोटवरचं थांबवायचं बटण दाखवलं तर म्हणाल्या, "आपल्यासाठी त्यांनी कशाला थांबायचं?" केबल राहणार, चर्चा नको.

केबलवाले दादा, तुमचं सुट्या चॅनलचं फार कामाचं. पण पावसाळ्यात आमच्याकडे नेमकी साडेसातला लाईट जाते. मग बुडालेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवर बघायला झी५ लागतं. तिथे मराठीपुरता काही स्वस्त प्लॅन आहे का?

आणि प्राइमचं कुणीच बोललं नाही.

केबलवाला_जयसिंगपूर

आहे ताई, २०२५ मध्ये झी५ ने भाषावार पॅक काढले. सगळ्या भाषांचा घेण्यापेक्षा नुसता मराठी स्वस्त पडतो. तोही जून ते सप्टेंबर महिन्याच्या महिन्याला घ्या. दिवाळीनंतर लाईट जात नाही, तेव्हा कशाला भरायचे?

अलिबागची_मावशी

प्राइमबद्दल मी सांगते. ते तू सिनेमासाठी घेतलंस का सामान लवकर यावं म्हणून? आमच्याकडे सून दर आठवड्याला काही ना काही मागवते, म्हणून १४९९ वसूल होतात. नुसतं बघायला असेल तर विचार कर, कारण जून २०२५ पासून त्यात जाहिराती आल्या. नको असतील तर वर्षाचे आणखी ६९९. ७९९ चं "प्राइम लाइट"ही आहे, पण आधी अटी वाच. आणि जानेवारी २०२५ पासून पाच उपकरणं, त्यात टीव्ही दोनच. तुझी नणंद इथेही तुझा एक टीव्ही अडवून बसलीय का ते बघ हो.

कार्टूनसाठी पैसे मोजू नकोस. दुसरीतली पोर एकच भाग चाळीस वेळा बघते.

मिरजेची_सून

मावशी, बघितलं. अडवून बसलीय. 😐

काल रात्री ह्यांना समोर बसवून वही काढली. ठरलं ते असं.

केबल: झी मराठी, स्टार प्रवाह, सोनी मराठी सुटे आणि बाकी सगळे फुकटचे. आमचा केबलवाला फोनवर म्हणाला, २४० च्या आसपास जाईल. त्यामुळे सोनी लिव्हचा विषय मिटला. ह्यांना तिथला विनोदी कार्यक्रमच हवा होता, तो आईंसोबत बसून बघतील.

जिओहॉटस्टार वर्षाचं राहील, सासऱ्यांच्या मॅच आणि धाकटीच्या कार्टूनसाठी. मी दोन उपकरणांचा "सुपर" प्लॅन ८९९ ला घेतला होता, म्हणजे महिना ७५ धरले. पुढच्या वेळी दर काय असेल तो बघून ठरवू.

प्राइम राहील. मागच्या वर्षीच्या ऑर्डरी मोजल्या, पोहोचवायचे पैसेच १४९९ च्या वर गेले असते. महिना १२५.

उरलेली एक जागा फिरती. दोनशेच्या आसपास, महिन्याला एकच. एक महिना ह्यांचं नेटफ्लिक्स १९९ चं, पुढचा महिना चिरंजीवांचं क्रंचीरोल. पावसाळ्यात झी५ मराठी आलं की त्या महिन्यात दोघांनाही सुट्टी. ह्यांचा चेहरा पडला, पण एका महिन्यात माणूस किती खून बघणार? चिरंजीवांनी परीक्षेच्या महिन्यात आपली पाळी बाबांना द्यायचं कबूल केलंय. त्यामागे काय डाव आहे ते अजून कळलेलं नाही.

बेरीज ६४०. नणंदेचं प्रोफाइल तिच्या खात्यात हलवायचं काम ह्यांच्याकडे दिलंय, बहीण त्यांची आहे.

एकच शंका. फिरतं ठेवायचं तर दर महिन्याला आठवणीने बंद करावं लागेल. नाहीतर पैसे जात राहतात.

बाणेरचा_आयटीवाला

घेतल्या दिवशीच बंद करा. यातल्या बहुतेकांत बंद केलं तरी भरलेला महिना संपेपर्यंत बघता येतं. फक्त "पुढे चालू ठेवू नका" असं सांगितल्यासारखं होतं. फोनमधून ॲप उडवलं म्हणजे वर्गणी बंद झाली असं मात्र नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

यूपीआयने भरत असाल तर ज्या ॲपने पैसे देता त्यातच ऑटोपे म्हणून जागा असते. तिथे चालू असलेल्या सगळ्या परवानग्या दिसतात आणि तिथूनच रद्दही होतात. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना आलीच पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून पक्का लागू आहे. तो मेसेज सासऱ्यांच्या नंबरवर जात असेल तर नंबर बदलून घ्या.

मिरजेची_सून

त्यांच्याच नंबरवर जातो! ते सगळे मेसेज "बँकेचं काहीतरी" म्हणून न वाचता पुसतात. आज बदलते.

केबलवाला_जयसिंगपूर

ताई, तुमच्या केबलवाल्याला चॅनलची नावं कागदावर लिहून द्या आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. तोंडी सांगितलंत तर तो पुढच्या महिन्यात परत पॅकच टाकेल. आम्ही असेच असतो. आणि साध्याच वाहिन्या मागा, एचडीचे दर वेगळे असतात. टीव्ही ३२ इंची असेल तर आईंना फरक कळणारही नाही.